‘या माणसाला कोणत्या अधिकाराने कोंडले?’ : इंग्लंडच्या जुन्या सनदा आणि बंगळुरूचा तुरुंग

बंगळुरू : शहराच्या मध्यभागी, शेषाद्री रस्त्यालगत ‘फ्रीडम पार्क’ नावाचे उद्यान आहे. सकाळी येथे फिरायला येणारे लोक ज्या उंच मनोऱ्याखालून जातात, तो शोभेसाठी उभारलेला नाही. कैद्यांवर नजर ठेवण्यासाठी तो बांधला होता. २००८ मध्ये उद्यान खुले होण्यापूर्वी या जागेवर बंगळुरूचे मध्यवर्ती कारागृह होते. काही बराकी अजून जपून ठेवल्या आहेत.

२६ जून १९७५ रोजी सकाळी या तुरुंगात चार खासदारांना आणण्यात आले. पक्षांतरबंदी विधेयकावर विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते बंगळुरूत आले होते. त्यांत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. आदल्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली होती. अटक ‘मिसा’, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली झाली. दंडवते मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते यांनाही पुढे अटक होऊन येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि पती-पत्नींचा संसार दोन कारागृहांमधील पत्रव्यवहारावर चालला.

या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केले. न्यायालयाची तांबडी इमारत तुरुंगापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. अर्जातील मागणी थोडक्यात अशी होती की, आम्हाला कोणत्या कायद्याने आणि कोणत्या कारणासाठी कोंडले आहे, हे सरकारने न्यायालयासमोर सांगावे. अशा अर्जाला ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणतात. लॅटिनमधील या शब्दांचा आशय ‘देह हजर कर’ असा असून राज्यघटनेच्या मराठी पाठात त्याला ‘देहोपस्थिती’चा प्राधिलेख म्हटले आहे. न्यायालय येथे कैदी निर्दोष आहे की नाही हे पाहत नाही. ते कैद्याला नव्हे, तर कोंडणाऱ्याला प्रश्न विचारते, आणि उत्तर कायद्यात बसले नाही तर दार उघडावे लागते.

सरकारचा बचाव अटक योग्य होती असा नव्हता. न्यायालयाला हा प्रश्न विचारताच येत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. राष्ट्रपतींनी २७ जून १९७५ रोजी घटनेच्या ३५९व्या अनुच्छेदाखाली आदेश काढून १४, २१ आणि २२ या अनुच्छेदांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित केला होता. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क २१व्या अनुच्छेदात लिहिलेला आहे. तो अनुच्छेद तूर्त मिटवून ठेवला असेल, तर हक्कही तूर्त नाही आणि हक्क नाही तर अर्जही नाही, अशी सरकारची मांडणी होती.

वरवर पाहता ती तर्कशुद्ध वाटते. तिच्या मुळाशी मात्र एक गृहीतक दडले आहे, ते म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य कागदावर लिहिले म्हणून अस्तित्वात येते. ते खरे आहे काय, याचा शोध घ्यायचा तर ज्या देशाकडून हा प्राधिलेख आपल्याकडे आला, त्या देशाचे जुने कागद चाळावे लागतात.

कुरणावरील तह

१५ जून १२१५ रोजी, थेम्स नदीकाठच्या रनीमीड नावाच्या कुरणावर, इंग्लंडचा राजा जॉन याने बंडखोर सरदारांच्या मागण्या मान्य केल्या. फ्रान्समधील युद्धात पराभव आणि त्या युद्धासाठी लादलेले जबर कर यांमुळे सरदार संतापले होते. राजाने मान्य केलेल्या दस्तऐवजाला पुढे ‘मॅग्ना कार्टा’, म्हणजे मोठी सनद, असे नाव मिळाले. अभ्यासकांनी नंतर पाडलेल्या क्रमांकांनुसार तिची ६३ कलमे होतात आणि त्यांतील बहुतेक वाचताना आजचा वाचक चक्रावून जाईल. विधवांचे पुनर्विवाह, सावकारांची येणी, नद्यांतील मासे पकडण्याचे बांध, कापडाची रुंदी असे सगळे काही तीत आहे. शाळेच्या पुस्तकांत तिला ‘लोकशाहीची जननी’ वगैरे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो सरदारांनी आपल्या वर्गाच्या सोयीसाठी केलेला सौदा होता.

तरीही ३९वे कलम टिकले. कोणाही स्वतंत्र मनुष्याला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या कायदेशीर निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडता, कोंडता, मालमत्तेवरून काढता वा हद्दपार करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्याच्या पुढचे कलम म्हणते की न्याय विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबवलाही जाणार नाही. ‘स्वतंत्र मनुष्य’ या शब्दांनी त्या काळच्या इंग्लंडमधील बहुसंख्य प्रजा बाहेर राहिली, कारण शेतीवर जुंपलेले भूदास स्वतंत्र गणले जात नव्हते. पण कायदा राजाच्या मर्जीहून निराळा आहे आणि राजाही त्याला बांधील आहे, एवढी गोष्ट कागदावर आली.

सनद तीन महिनेही टिकली नाही. २४ ऑगस्ट १२१५ रोजी पोप तिसरा इनोसंट याने ती रद्दबातल ठरवली. दुसऱ्या वर्षी जॉन वारला आणि त्याच्या अल्पवयीन मुलाच्या कारभाऱ्यांनी सरदारांना शांत करण्यासाठी ती सुधारून पुन्हा काढली. १२१७, १२२५ आणि १२९७ मध्येही ती नव्याने जारी झाली. दर वेळी राजाला पैशांची किंवा पाठिंब्याची निकड होती. १३५४ च्या एका कायद्याने ‘स्वतंत्र मनुष्य’ऐवजी कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा मनुष्य असे शब्द आणले आणि ‘कायद्याची रीतसर प्रक्रिया’ हा शब्दप्रयोग प्रथम वापरला. हाच शब्दप्रयोग पुढे अमेरिकेच्या घटनेत गेला आणि भारतीय घटनाकारांमध्ये वादाचे कारण ठरला. त्याविषयी पुढे सांगू.

सनदेचा खरा कस लागला तो चार शतकांनी. १६२६-२७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याला युद्धखर्चासाठी पैसा हवा होता आणि संसद तो देईना. त्याने सक्तीचे कर्ज उभारले व न देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. पाच उमरावांनी हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. कैदेचे कारण काय, असे न्यायालयाने विचारले तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याने लेखी उत्तर दिले : राजाच्या खास आज्ञेवरून. त्यात कोणताही गुन्हा सांगितलेला नव्हता. न्यायाधीशांनी हे उत्तर पुरेसे मानले आणि उमरावांना परत तुरुंगात पाठवले.

बंगळुरूच्या प्रकरणाशी हे किती जवळचे आहे, ते पाहण्यासारखे आहे. जून १९७५ अखेरच्या वटहुकमाने मिसामध्ये असे कलम घातले की आणीबाणीत स्थानबद्धाला अटकेची कारणे कळवण्याची गरज नाही. पुढच्या दुरुस्त्यांनी ती कारणे राज्याची गोपनीय बाब ठरली आणि न्यायालयासमोरही ती उघड करावी लागू नयेत, अशी तजवीज झाली. तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी उत्तर तेच होते. फक्त ‘राजा’ या शब्दाच्या जागी ‘राज्य’ आले होते.

इंग्लंडमध्ये त्या निकालाला उत्तर मिळाले ते संसदेतून. पंच्याहत्तरी गाठलेले माजी सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांनी पुढाकार घेतला आणि जून १६२८ मध्ये ‘हक्कांचा अर्ज’ राजाकडून मान्य करून घेण्यात आला. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, कारण सांगितल्याशिवाय कैद नाही, लोकांच्या घरांत सैनिक ठेवायचे नाहीत आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा नाही, अशा त्यातील मागण्या होत्या. दस्तऐवजाचे नावच बोलके आहे. कोक आणि त्यांचे सहकारी नवे हक्क मागत नव्हते. जे आधीपासून आपले आहे ते राजाने मोडू नये, एवढेच ते म्हणत होते. मॅग्ना कार्टाने हक्क दिले नाहीत, आधीच्या कायद्याची फक्त ग्वाही दिली, असे कोक यांचे आग्रही प्रतिपादन होते. इतिहास म्हणून ते बरेचसे चुकीचे आहे, असे आजचे इतिहासकार सांगतात. तेराव्या शतकातील सरदारांच्या तोंडी त्यांनी सतराव्या शतकातील विचार घातला, हे खरेच. पण कायद्याच्या इतिहासात काही चुका बरोबर उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडल्या आहेत आणि ही त्यांपैकी एक म्हणावी लागेल.

चार्ल्सने अर्ज मान्य केला आणि लगेच मोडला. त्याने अकरा वर्षे संसदेविना राज्य केले. नंतर यादवी युद्ध झाले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. नुसत्या तत्त्वाने काम भागत नाही, हा धडा इंग्रजांनी त्यातून घेतला. १६७९ च्या हेबिअस कॉर्पस कायद्यात म्हणूनच तत्त्वज्ञान जवळपास नाही. आहेत त्या मुदती आणि दंड. कैदी जवळपास असेल तर तीन दिवसांत न्यायाधीशापुढे उभा करायचा, टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या वेळी शंभर पौंड आणि दुसऱ्या वेळी दोनशे पौंड दंड, कैद्याला न्यायालयाच्या कक्षेबाहेर समुद्रापार पाठवायचे नाही. हा कायदा उमरावांच्या सभागृहात संमत होताना मते मोजणाऱ्याने गमतीने एका लठ्ठ उमरावाला दहा जण मोजले, अशी आख्यायिका आहे. दहा वर्षांनी, १६८९ मध्ये, ‘हक्कांचे विधेयक’ आले आणि संसदेच्या संमतीविना कायदे स्थगित करण्याचा राजाचा दावा बेकायदा ठरला. संसदेतील भाषणाबद्दल बाहेर कोठेही जाब विचारता येणार नाही, हा त्यातील नियम आपल्या घटनेच्या १०५व्या अनुच्छेदात आजही वाचायला मिळतो.

मुंबई बेटापुरते स्वातंत्र्य

इंग्रज भारतात आले तेव्हा हे कागद त्यांच्याबरोबर आले, पण ते सर्वांसाठी नव्हते. याची साक्ष देणारे एक प्रकरण पुण्यातले आहे.

पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. मुंबईत १८२४ मध्ये राजाच्या नावाने चालणारे सर्वोच्च न्यायालय सुरू झाले होते, तर कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. मोरो रघुनाथ नावाचा सुमारे १४ वर्षांचा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र या आपल्या चुलत आजोबांच्या ताब्यात होता. त्याला कोंडून ठेवले आहे, अशी तक्रार मुंबईच्या न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने हेबिअस कॉर्पसचा प्राधिलेख काढला. बापू गणेश नावाच्या आणखी एका इसमाबाबत, जो कंपनीच्या न्यायालयाच्या शिक्षेवरून ठाण्याच्या तुरुंगात होता, असाच प्राधिलेख निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्यांची अंमलबजावणी होऊ देणार नाही, असे कळवले. नुकत्याच जिंकलेल्या मुलखात मुंबईच्या न्यायाधीशांनी मानकरी घराण्यांना हुकूम सोडले, तर कंपनीचा वचक राहणार नाही, अशी त्यांना भीती होती.

त्या न्यायालयाचे तीन न्यायाधीश होते. सरन्यायाधीश एडवर्ड वेस्ट १८२८ च्या ऑगस्टमध्ये आणि चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये मृत्यू पावले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. राजाचा हुकूम मानला जात नसेल तर राजाचे न्यायालय चालवण्यात अर्थ नाही, असे म्हणून त्यांनी १८२९ च्या एप्रिलमध्ये न्यायालय चक्क बंद केले. लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणारे लॉर्ड एलनबरो यांनी माल्कम यांना खासगी पत्रात लिहिले की दोन नवे न्यायाधीश आले म्हणजे ग्रँट यांची स्थिती दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये चालवल्या जाणाऱ्या रानटी हत्तीसारखी होईल. हे पत्र फुटले आणि गाजले. प्रिव्ही कौन्सिलने मात्र १८२९ मध्ये ग्रँट यांच्या विरोधात कौल दिला. पुण्याचा रहिवासी मुंबईच्या न्यायालयाच्या हद्दीत येत नाही आणि कंपनीच्या तुरुंगाधिकाऱ्यालाही असा प्राधिलेख लागू होत नाही, असे ठरले. मुंबई बेटावरच्या माणसाला १६७९ चा कायदा होता. खाडी ओलांडून ठाण्यात गेले की तो नव्हता.

याच मुंबई सरकारने १८२७ मध्ये २५ क्रमांकाचा रेग्युलेशन केला होता. त्याच्या आधारे राज्यहिताच्या कारणासाठी कोणालाही खटल्याविना अडकवून ठेवता येत असे. सत्तर वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या बंधूंना त्याच रेग्युलेशनखाली पकडण्यात आले. त्यांच्यावर कधीच खटला चालला नाही. १८९९ मध्ये ते सुटले. टिळकांवर त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना शिक्षा झाली, म्हणून ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. नातूंच्या वाट्याला खटलाही आला नाही आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते तो अन्याय काही बाबतींत अधिक मूलभूत होता, कारण त्यात उत्तर देण्यासाठी आरोपच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ‘भारत संरक्षण नियमां’खाली हजारो लोक स्थानबद्ध झाले. मुंबईतील केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये, सर मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखाली, त्यातील २६वा नियमच अवैध ठरवला. मूळ कायद्याने अटकेसाठी वाजवी संशयाची अट घातली होती, तर नियमाने सरकारचे नुसते समाधान पुरेसे मानले होते. सरकारने लगेच वटहुकूम काढून ती उणीव भरून टाकली. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९४१ मध्ये, लंडनमध्ये लिव्हर्सिज प्रकरणात उमराव सभेच्या न्यायाधीशांनी युद्धकाळात गृहमंत्र्यांच्या समाधानाची चौकशी करण्यास नकार दिला होता. एकट्या लॉर्ड अ‍ॅट्किन यांनी विरोधी निकाल लिहिला. तो पुढे इंग्लंडने स्वीकारला. १९७६ च्या दिल्लीत मात्र बहुमताच्या बाजूचेच दाखले अधिक वजनदार ठरले.

कागदावरचा हक्क, कागदाआधीचा हक्क

घटना समितीतील अनेक सदस्यांनी स्वतः खटल्याविना तुरुंगवास भोगला होता. हेबिअस कॉर्पससह पाच प्राधिलेख त्यांनी घटनेतच नावानिशी घातले. ९ डिसेंबर १९४८ रोजी आजच्या ३२व्या अनुच्छेदावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. त्यांच्या त्याच भाषणातील एक मुद्दा क्वचित सांगितला जातो. हे प्राधिलेख आधीही देशात होते, पण साध्या कायद्याने ते काढून घेता येत होते. आता घटना बदलल्याशिवाय ते शक्य नाही, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. दुसऱ्या बाजूने, आणीबाणीत हा हक्क स्थगित करण्याची सोयही घटनेत ठेवली गेली. मंगळुरूत जन्मलेले हरी विष्णू कामत यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये या तरतुदींना कडाडून विरोध केला आणि हा लज्जेचा दिवस असल्याचे ते म्हणाले. मसुद्यात आधी असलेली ‘रीतसर प्रक्रिया’ ही १३५४ ची शब्दयोजना घटना सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांच्या सल्ल्याने वगळली गेली आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. राव हेही मंगळुरूचेच. अमेरिकेचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केले होते की जुन्या शब्दांमुळे न्यायाधीशांच्या हाती लोकनियुक्त सरकारचे कायदे मोडण्याचे अमर्याद शस्त्र जाईल.

१९७५ मध्ये बंगळुरूत दंडवते आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बाजू मांडण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आले. त्यांच्यासोबत नागपूरचे ना. मा. घटाटे आणि बंगळुरूचे वकील एम. रामा जोइस होते. पुढे जोइस यांनाच मिसाखाली त्याच तुरुंगात डांबण्यात आले. (अनेक वर्षांनी ते पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.) कर्नाटक उच्च न्यायालयाने सरकारचा प्राथमिक आक्षेप फेटाळला आणि अर्ज ऐकण्याजोगे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, अलाहाबाद, दिल्ली, मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाब व हरियाणा यांनीही तसेच मत दिले. सरकार या सर्वांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७६ मध्ये देशभरातील १६ उच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. त्यांत कर्नाटकचे न्यायमूर्तीही होते.

सर्वोच्च न्यायालयातील खटला ‘एडीएम जबलपूर’ या नावाने ओळखला जातो. स्थानबद्धांच्या वतीने वि. म. तारकुंडे, शांतिभूषण आदींनी युक्तिवाद केला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केले, तरी दाद मागता येणार नाही काय? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर डे यांनी दिले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्यायमूर्ती एम. एच. बेग, पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती यांनी सरकारची मांडणी मान्य केली. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क २१व्या अनुच्छेदातच सामावलेला आहे; त्यासाठी न्यायालयाचे दार बंद असेल तर दुसरे दार नाही, असा निकालाचा गाभा होता. स्थानबद्धांची राज्य जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेत आहे, असेही बेग यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले.

न्यायमूर्ती खन्ना यांचे एकट्याचे मत कोक यांच्या बाजूचे होते. २१वा अनुच्छेद नसता, तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला नसता. कायद्याच्या राज्याचा अर्थच तो आहे, असे त्यांनी लिहिले. घटना येण्यापूर्वीही हा नियम देशात होता, हे दाखवताना त्यांनी प्रिव्ही कौन्सिलच्या १९३१ च्या एका नायजेरियन प्रकरणाचा आधार घेतला. त्यात अ‍ॅट्किन यांनी म्हटले होते की, कार्यकारी सत्तेतील कोणालाही आपल्या कृतीची कायदेशीरता न्यायालयापुढे सिद्ध करता येत असेल तरच दुसऱ्याच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करता येते. १८२९ मध्ये पुण्याच्या मुलाला जो नियम नाकारला, तोच शंभर वर्षांनी वसाहतींनाही लागू असल्याचे त्याच प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले होते. पुढील जानेवारीत खन्ना यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

निकालानंतर बंगळुरूच्या बराकीत न्यायालयाकडून येण्यासारखे काही उरले नव्हते. स्थानबद्ध नेते सुटले ते १९७७ च्या जानेवारीच्या आसपास, निवडणुका जाहीर होत असताना आणि सरकारच्या निर्णयाने. दंडवते त्याच वर्षी रेल्वेमंत्री झाले. नव्या संसदेने ४४वी घटनादुरुस्ती केली आणि २० व २१ हे अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले. निकाल मात्र पुस्तकात तसाच राहिला. न्यायमूर्ती भगवतींनी २०११ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली, तेव्हाही तो कायदेशीरदृष्ट्या उभाच होता.

तो पाडला गेला एका बंगळुरूकराच्या याचिकेत. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ८६व्या वर्षी, २०१२ मध्ये, आधार योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यातून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. घटनेत ‘खासगीपणा’ हा शब्द नाही. म्हणजे १९७६ चाच मुद्दा पुन्हा आला : जे लिहिलेले नाही, ते आहे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पीठाने एकमताने ‘आहे’ असे उत्तर दिले. पोपने मॅग्ना कार्टा रद्द केली तीही २४ ऑगस्टलाच. हा अर्थात निव्वळ योगायोग. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्यात वडिलांसह चारही न्यायमूर्तींचा १९७६ चा निकाल गंभीर दोषांनी भरलेला असल्याचे सांगून तो मोडीत काढला आणि खन्नांचे मत स्वीकारले. जीवित व स्वातंत्र्य ही राज्याने दिलेली देणगी नाही. घटना त्यांना मान्यता देते, निर्माण करत नाही, असे त्यांनी लिहिले. पुट्टस्वामी यांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले.

खटल्याविना स्थानबद्धता मात्र भारतात संपलेली नाही. घटनेचा २२वा अनुच्छेदच तिला परवानगी देतो आणि १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचा वापर आजही होतो. ४४व्या दुरुस्तीत तिला आवर घालणारी एक तरतूद होती. सल्लागार मंडळापुढे न नेता कोणाला कोंडून ठेवण्याची मुदत तिने तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती आणि त्या मंडळाच्या रचनेत उच्च न्यायालयाला स्थान दिले होते. संसदेने ती संमत केली, राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पण ती अमलात आणण्याची तारीख ठरवणे केंद्र सरकारवर सोपवले होते. डिसेंबर १९८१ मध्ये ए. के. रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तारीख जाहीर करण्याचा आदेश सरकारला देण्यास नकार दिला. पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते. त्यानंतर अनेक पक्षांची सरकारे येऊन गेली, त्यांत मिसाखाली तुरुंग भोगलेल्यांचीही होती. ती अधिसूचना अद्याप निघालेली नाही.

आणि फ्रीडम पार्कविषयी एक गोष्ट राहिली. बंगळुरू शहरात निदर्शने करायची असतील, तर २०२१ च्या आदेशानुसार ती आता या जुन्या तुरुंगाच्या आवारातच करावी लागतात.